अक्का, आकडी आणि ब्लड प्रेशर

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेदहाला फोन वाजला. या वयात रात्रीचा फोन म्हटला की आधी छातीत धस्स होतं. फोन माझ्या भाचीचा होता.

"मावशी, पोरीचं बी.पी. वाढलंय गं. एकशे पन्नास - शंभर. डॉक्टर म्हणतात गोळ्या सुरू करायच्या. सातवा लागलाय, या दिवसांत गोळ्या घेतलेल्या चालतात का? तिच्या सासूबाई म्हणतात मीठ बंद कर, पडून राहा, आपोआप उतरेल."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी दिल्यात त्या गोळ्या आत्ता, लगेच सुरू कर. बाकीचं उद्या बोलू."

फोन ठेवला, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण ही पोर म्हणजे माझ्या अक्काची नात. आणि अक्का कशानं गेली हे आमच्या घरात पासष्ट वर्षांत कुणी धड बोललंच नव्हतं.

नात्यातल्या बऱ्याच जणांना अक्का म्हणजे फक्त भिंतीवरचा एक फोटो. म्हणून आधी तिचं सांगते, मग इतिहासाकडे वळते. (तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, सनावळीशिवाय आमचं पान हलत नाही. तेवढं सहन करा!)

सन १९५८. कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. अक्का वीस वर्षांची, मी आठ. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्यात तिला घरी आणली. डोहाळजेवणाला कासार आला. हिरवा चुडा भरायचा होता, पण नेहमीच्या मापाच्या बांगड्या मनगटावरून सरकेनात. तेल लावलं, साबण लावला, दोन फुटल्या. शेवटी कासारानं दोन मापं मोठ्या बांगड्या काढल्या. बायका हसल्या. "पोरीनं अंग धरलंय हो माहेरी आल्यावर!" आईलाही बरं वाटलं.

पुढं आठव्यात तिचं तोंडही सुजलं. सकाळी उठली की डोळे मिटल्यासारखे दिसायचे. मग डोकं दुखायला लागलं. आई सुंठ उगाळून कपाळाला लेप घालायची. एकदा मला म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात बघ." मी वेड्यासारखी अंगणात काजवे शोधत होते... तिसऱ्या दिवशी पहाटे तिला पहिली आकडी आली. दातखीळ बसली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. कुणी देवऋषाला बोलवायला धावलं. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे बैलगाडी, आणि मध्ये ओढ्याला पाणी. पाच-सहा आकड्या आल्या असतील. त्यातच सुईणीनं बाळ सोडवलं. मुलगी झाली, जगली. अक्का संध्याकाळी गेली.

लोक म्हणाले, बाधा झाली. गरोदरपणात डोहावर गेली होती, तिथल्या अळवंतिणीनं धरलं. आणि त्या तान्ह्या पोरीला काय म्हणाले? "आईला गिळून जन्माला आली." माझ्या आईनं ती नात पोटच्या मुलीसारखी वाढवली, पण हे वाक्य काही ती पुसू शकली नाही. तीच माझी भाची. तो रात्रीचा फोन तिचा.

त्या फोननंतर मी या रोगाचा इतिहास वाचायला घेतला. डॉक्टर असलेल्या एका विद्यार्थिनीनं पुस्तकं दिली, अडलं तिथं समजावूनही सांगितलं. वाचताना एका वहीत दोन रकाने केले. डावीकडे जगाला कधी काय कळलं, आणि उजवीकडे फक्त एक सन : १९५८.

या आकडीला डॉक्टर 'एक्लॅम्पसिया' म्हणतात. शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ आहे लख्खकन चमकणं, वीज चमकावी तसं. हे वाचलं आणि मला अक्काचे काजवे आठवले. हा रोग काही नवा नाही. सतराव्या शतकात पॅरिसचे प्रसिद्ध प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स्वा मोरिसो यांनी नोंदवून ठेवलं होतं की पहिलटकरणीला या झटक्यांचा धोका जास्त. पुढं १७३९ साली बोसिए द सोवाज या फ्रेंच वैद्यानं सांगितलं की हे फेफरं नव्हे. फेफरं माणसाला वर्षानुवर्षं येत राहतं. हे झटके अचानक येतात आणि त्यांचं कारण वेगळं असतं. तरीही उपाय काय, तर रक्त काढणे! एकोणिसाव्या शतकातही आकडी आलेल्या बाईची शीर उघडून रक्त सोडत असत. तेव्हा आमच्या कांद्याला आणि चपलेला फार हसण्यात अर्थ नाही.

पहिली खरी पायरी १८४३ साली चढली गेली. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये जॉन लिव्हर नावाचे डॉक्टर होते. झटके येणाऱ्या बायकांची लघवी त्यांनी तापवून पाहिली, तर ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी गढूळ होऊन साकळली. म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. इतर बाळंतिणींच्या लघवीशी त्यांनी ताडून पाहिलं. त्याच वर्षी एडिंबरोत जेम्स सिम्प्सन यांनाही हेच आढळलं. (क्लोरोफॉर्म बाळंतपणात वापरणारे ते हेच सिम्प्सन.) विचार करा, या परीक्षेला लागतं काय? एक काचेची नळी आणि एक दिवा. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दोन्ही होतं!

रक्तदाब मोजण्याची गोष्ट तर मुलांना सांगण्यासारखी आहे. स्टीफन हेल्स नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक होता. त्यानं एका घोडीला आडवं बांधून तिच्या रोहिणीत नळी घातली आणि वर उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून उंच चढलं! हे त्यानं १७३३ साली छापलं. पण माणसाच्या रोहिणीत नळी कोण घालून घेणार? त्यावर तोडगा निघायला दीडशे वर्षं गेली. इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी असं साधं यंत्र केलं. त्या पट्ट्यासाठी सायकलच्या ट्यूबचं रबर वापरलं होतं म्हणतात. मग १९०५ साली रशियात निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शल्यचिकित्सकानं पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची पद्धत सांगितली. ठोके ऐकू यायला लागले तो वरचा आकडा, नाहीसे झाले तो खालचा. त्याचा तो निबंध एका पानाचासुद्धा नव्हता. आजही जगभरच्या दवाखान्यात डॉक्टर कानाला लावून ऐकतात ते हेच आवाज.

आणि १८९७ साली, म्हणजे यंत्र निघाल्यावर वर्षभरातच, पॅरिसच्या वाकेझ आणि नोबेकूर या दोन डॉक्टरांनी दाखवलं की झटके येणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तदाब चढलेला असतो. झालं! लघवी आणि दाब, दोन्ही धागे हातात आले. अक्काच्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी!

इथं मला आपल्या आनंदीबाई जोशींची आठवण झाली. १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळी हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. कोवळ्या वयात स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गमावलेली ती बाई. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, त्या क्षयानं गेल्या. आमचं गाव त्याच कोल्हापूरच्या मुलखातलं. त्या जगत्या, त्यांच्या हाताखाली मुली शिकत्या, त्या मुली गावोगाव जात्या तर... असो. इतिहासाच्या बाईंनी 'जर-तर' करू नये, असं मीच वर्गात सांगायची.

नुसतं यंत्र निघून भागत नाही. ते बाईच्या दंडापर्यंत यावं लागतं. त्या काळी बाई गरोदर असली आणि दुखत-खुपत नसलं तर तिला तपासायची पद्धतच नव्हती, युरोपातसुद्धा. एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनी १९०१ च्या सुमारास गरोदर बायकांसाठी इस्पितळात पहिली खाट मिळवली. ब्रिटनमध्ये १९२९ साली सरकारनं वेळापत्रकच ठरवून दिलं : अमुक आठवड्याला तपासणी, मग पंधरा दिवसांनी, शेवटी दर आठवड्याला. दर खेपेला दाब आणि लघवी. आज आपल्या मुली कुरकुरतात ना, "परत कशाला बोलावलंय, मला काही होत नाहीये," त्याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. या रोगात सुरुवातीला काही होतच नाही! दाब चढलेला कळत नाही. कळायला लागतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो.

आता औषधाचं. गंमत म्हणजे ते एक मीठ आहे. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे ते एप्सम सॉल्ट, जे पूर्वी जुलाबासाठी घ्यायचे. १९०६ साली जर्मनीत ते पहिल्यांदा आकडीवर वापरलं गेलं आणि १९२५ च्या सुमारास अमेरिकेत शिरेतून देऊ लागले. डल्लासच्या डॉ. प्रिचर्ड यांनी १९५५ साली त्याची पद्धत बसवून दिली, आणि १९८४ साली त्यांच्या इस्पितळानं हिशेब दिला : आकडीच्या २४५ बायका, त्यांतली एक दगावली. फक्त एक! माझ्या वहीतला उजवीकडचा सन पुन्हा बघा. १९५८. औषध होतं, पद्धत होती, फक्त डल्लासला होती.

तरी डॉक्टरांच्यात एकमत नव्हतं. कुणी गुंगीची औषधं द्यायचे, कुणी फेफऱ्याची. आपल्याकडे मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांची तीन औषधांच्या मिश्रणाची पद्धत साठच्या दशकात बरीच गाजली. शेवटी निकाल लागला तो १९९५ साली. भारतासह नऊ देशांतल्या १,६८७ बायकांवर तुलना करून पाहिली, आणि ते साधं मीठच इतर औषधांहून कितीतरी सरस ठरलं. मग २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर दुसरी चाचणी झाली. दाब चढलाय पण आकडी अजून आलेली नाही, अशा बायकांना ते आधीच दिलं, तर आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला.

यात आपल्या सोलापूरचाही वाटा आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. प्रिचर्ड यांचा डोस अमेरिकेतल्या धट्ट्याकट्ट्या बायकांच्या बेतानं ठरलेला. आपल्या बायका अंगानं लहान, आणि हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. ढाक्याच्या डॉक्टरांनी कमी डोस देऊन पाहिला, आणि सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ साली भारतीय बायकांना साजेशी कमी डोसची पद्धत मांडली.

आता मुख्य प्रश्न. हे होतं कशानं? इथं भल्याभल्यांनी हात टेकले. पूर्वी वाटायचं रक्तात कसलं तरी विष भिनतं, म्हणून 'टॉक्सिमिया' नाव पडलं. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी ते अजून असतं, पण तसलं विष कधी सापडलं नाही. एका जर्मन डॉक्टरनं वैतागून १९१६ साली याला 'सिद्धान्तांचा रोग' म्हटलं होतं. आज एवढं कळलंय की मूळ वारेत आहे. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंदावून वारेला भरपूर रक्त पुरवायला हवं. काही जणींत त्या नीट रुंदावत नाहीत. मग ती उपाशी वार काही प्रथिनं जास्त प्रमाणात आईच्या रक्तात सोडते आणि त्यांनी आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात. बॉस्टनमध्ये काम करणारे मूळ भारतीय डॉक्टर अनंत करुमंची आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली असं एक प्रथिन दाखवून दिलं. म्हणून दाब, म्हणून सूज, म्हणून लघवीतली प्रथिनं, म्हणून मेंदूत आकडी. आणि म्हणूनच शेवटचा उपाय एकच : बाळ आणि वार बाहेर येणं. गोळ्यांनी दाब आवरतो, बाळाला पोटात आणखी काही दिवस मिळतात, पण मूळ रोग बाळंतपणानंतरच ओसरतो.

म्हणजे जे घडतं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आत, कुणाला न कळता ठरतं. त्यात डोहावर जाणं नाही, ग्रहण पाहणं नाही, कुणाची नजर नाही.

आता आमच्या पोरीकडे येते. तिच्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला गरोदरपणात बी.पी., झटके?" तिनं "नाही" म्हणून सांगितलं. तिला काय माहीत! घरात तर 'बाधा' झाली होती. आई-बहिणीच्या बाबतीत असं झालेलं असलं की धोका वाढतो. आजीचं वजन तेवढं नसेल, पण डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं असतं. ज्यांना धोका जास्त वाटतो त्यांना चौथ्या महिन्याच्या आसपास रोज थोडी अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, त्यानं पुष्कळ जणींचा हा त्रास टळतो. (डॉक्टरांनी सांगितली तरच हं. मनानं नाही.) खाण्यात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्याही देतात, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात त्या मिळतात. चुकीच्या नावानं अक्काचं मरण तर झाकलं गेलंच, पण तिच्या नातीला मिळू शकली असती ती सावधगिरीची सूचनाही त्याच नावाखाली गाडली गेली. मला हे फार लागलं.

नात्यातल्या मुलींसाठी दोन शब्द, बाई म्हणून. पाचव्या महिन्यानंतर दाब १४०/९० किंवा वर गेला तर ते हलक्यावर घेऊ नका. १६०/११० म्हणजे तातडी, सकाळची वाट पाहायची नाही. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढं काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, तोंड-हात एकदम सुजणं, लघवी कमी होणं, यातलं काही झालं की तडक दवाखाना. पाय थोडे सुजणं पुष्कळ जणींना होतं, पण दाब मोजल्याशिवाय 'अंग धरलंय' म्हणू नका. मीठ सोडून आणि नुसतं पडून राहून हा रोग टळत नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दाबाच्या काही गोळ्या या दिवसांत चालतात, काही अजिबात चालत नाहीत. म्हणून आधीपासून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, शेजारणीची गोळी घेऊ नका. आणि बाळ झालं म्हणजे सुटलो असं नाही. बाळंतपणानंतरही काही दिवस, कधी आठवडे, आकडीचा धोका असतो. पुढच्या आयुष्यातही अशा बाईनं दाब आणि हृदय तपासत राहावं. जवळ पैसे नसतील तर २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आपल्या कामवाल्या बाईंना हे सांगा.

आमच्या पोरीला गोळ्या सुरू झाल्या. घरी यंत्र आणलं, जावई सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे लिहायचे. सदतिसाव्या आठवड्यात दाब पुन्हा चढू लागला, तेव्हा डॉक्टरांनी थांबायचं नाही असं ठरवलं. मुलगा झाला. अडीच किलोला जरा कमी, पण खणखणीत रडला म्हणे. पोरीचा दाब उतरायला पुढं तीन आठवडे लागले.

भाद्रपदात अविधवा नवमीला आमच्याकडे अक्काचं पान वाढतात. सवाष्ण जेवते, तिला हिरव्या बांगड्या देतात. या वेळी भाची आली होती. जेवणं झाल्यावर मी तिला माझी वही दाखवली. दोन्ही रकाने वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, वारेतून होतं म्हणालीस. वार तर बाळाबरोबरची. म्हणजे शेवटी माझ्यामुळंच ना?"

सहासष्ट वर्षांची बाई ती. स्वतः आजी झालेली. तिच्या मनात अजून तेच वाक्य होतं.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या नातवाचीही वार तशीच होती. त्यानं आईला गिळलं का? मग? त्याच्या आईच्या दंडाला पट्टा बांधला होता, तुझ्या आईच्या दंडाला कुणी बांधला नाही. फरक एवढाच आहे."

तिनं वही पुन्हा मागितली आणि १८९७ च्या ओळीवर बोट ठेवून बसली. जाताना म्हणाली, "हे लिहून ठेव कुठंतरी. पोरींना सापडेल असं."

म्हणून लिहिलं. आपल्या घरात कुणी बाळंतपणात गेली असेल आणि तिच्या नावापुढं बाधा, नजर, पायगुण असलं काही लावलं असेल, तर वडीलधाऱ्यांना जरा विचारा. तोंड सुजलं होतं का? डोकं दुखत होतं का? डोळ्यांपुढं काजवे येत होते का? आणि कळलं तर घरातल्या मुलींना सांगा, त्या डॉक्टरांना सांगतील.

असो. आज जरा लांबलं. पुढच्या वेळी हलकंफुलकं काहीतरी लिहीन.